समुद्रात तग धरणं: आधी शरीर, मग मन

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. समुद्रात हरवलेली माणसं कशाच्या जोरावर तगतात, जिद्दीच्या की नशिबाच्या? आणि डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून पहिल्यांदा जहाजावर निघालेल्या धाकट्या भावाला बडोद्यातून काय शिकवून पाठवावं? दोन्हीचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

जिद्द लागतेच. पण समुद्रावर ती आधी शरीरातून गळते. उलट्यांनी पाणी कमी झालं, अंग गार पडलं, रक्तात मीठ वाढलं की भला धीराचा माणूसही चुकीचे निर्णय घेऊ लागतो. समुद्राचं पाणी प्यायलेले लोक भ्रमात तराफा सोडून सरळ पाण्यात उतरल्याच्या नोंदी आहेत. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणू नये, शरीरातला बिघाडच तो. म्हणून कोणती गोष्ट आधी सांभाळायची याचा क्रम भावाला पाठ असू दे. मनोबल त्याच क्रमावर उभं राहतं.

क्रमात पहिलं लाइफजॅकेट, आणि तेही अंगावर घालून, पट्टे आवळून. बडोद्याला हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बऱ्याच जणांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणं जवळपास अशक्य असतं. जहाजावरचं प्रमाणित जॅकेट बेशुद्ध माणसालाही काही सेकंदांत उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवतं. त्यावर शिट्टी असते आणि सुमारे ८ तास चालणारा दिवा असतो. जहाजावर चढल्याच्या पहिल्याच दिवशी आपलं जॅकेट कुठे आहे, दिवा लागतो का आणि अंधारात चाचपून पट्टे बांधता येतात का, हे त्याने पाहून घ्यावं.

दुसरं म्हणजे शक्य तोवर पाण्यात उतरूच नये. तराफ्यात, म्हणजे लाइफराफ्टमध्ये, कोरडं पाऊल टाकता आलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढतं, त्यामुळे अरबी समुद्राच्या २६-२८ अंशांच्या पाण्यातही काही तासांनी माणूस गारठतो. उडी मारणं भागच पडलं तर जागा जितकी खाली मिळेल तितकी खालची निवडावी. एका हाताने नाक दाबायचं, दुसऱ्याने जॅकेट खाली धरून ठेवायचं, पाय जुळवायचे, नजर समोर ठेवायची आणि खाली पाहायचं नाही. पाण्यात गेल्यावर उगाच हातपाय मारू नयेत. गुडघे छातीशी घ्यावेत, कोपर बरगड्यांना चिकटवावेत. चार जण असतील तर एकमेकांना बिलगून गोल करावा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ जण होते, त्यातले १८६ वाचले. जॅकेट घालून, एकमेकांना धरून तासन्‌तास खवळलेल्या पाण्यात तरंगत राहिलेल्यांना नौदलाच्या जहाजांनी उचललं.

प्रवाहाशी झगडू नये, हे आपल्या भागातल्या माणसाला चटकन पटतं. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव दिवसातून दोनदा भरतीखाली जातं, ते बडोद्यातल्या कितीतरी कुटुंबांनी पाहिलेलं असतं. खंभातच्या आखातात उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी सुमारे १० मीटरने वरखाली होते. एवढं पाणी आत-बाहेर करणाऱ्या प्रवाहावर कुणीही पोहून मात करू शकत नाही. साधारण सहा तासांनी तो उलटतो. तोवर तरंगत राहणं हेच काम.

आता तराफा. तो कवचात बंद असतो आणि त्याची दोरी, जिला खलाशी पेंटर म्हणतात, आधी जहाजाला पक्की बांधलेली आहे याची खात्री करूनच तो पाण्यात टाकायचा. मग दोरी सगळी ओढून झटका द्यायचा, साधारण मिनिटभरात तराफा फुगतो. कधी उलटा फुगतो. तेव्हा गॅसचा सिलिंडर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडे, येईल असा तराफा फिरवायचा, सिलिंडरवर उभं राहायचं, तळावरचा पट्टा धरून मागे झुकायचं. वारा खालून शिरला की तो सुलटा होतो. अंगावर आला तर उताणं होऊन बाहेर यायचं. आत गेल्यावर लगेच चार कामं: दाराजवळच्या सुरीने पेंटर कापा, सी अँकर सोडा, दारं लावा, पाणी उपसून फरशी कोरडी करा. सी अँकर म्हणजे पाण्यात ओढला जाणारा कापडी नांगर. तो तराफ्याचं वाहणं कमी करतो, उलटण्याचा धोकाही घटवतो. शोधणारे शेवटच्या ठाऊक जागेपासून सुरुवात करतात, म्हणून जितकं कमी वाहाल तितके लवकर सापडाल.

उलटीची गोळी मळमळ सुरू होण्याआधीच घ्यायची, सगळ्यांनी, पट्टीच्या दर्यावर्द्यानेही. तराफा जहाजासारखा डुलत नाही, तो मुरडत, उसळत राहतो. एका रात्रीच्या उलट्यांत जेवढं पाणी जातं, ते पुढच्या चार दिवसांत भरून निघत नाही. माझ्या मते लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते याच गोष्टीकडे.

पाण्याचा हिशेब नीट समजून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तराफ्यात माणशी दीड लिटर पाणी असतं, लाइफबोटीत ३ लिटर. पहिले २४ तास पाणी द्यायचं नाही, जखमी आणि आजारी सोडून. त्या वेळी शरीरात पुरेसं पाणी असतं, वरून दिलेलं लघवीतून निघून जातं. दुसऱ्या दिवसापासून माणशी अर्धा लिटर, तीन वेळात वाटून, घोट तोंडात घोळवून. म्हणजे तराफ्यातला साठा चौथ्या दिवशी संपतो. समुद्राचं पाणी अजिबात नाही. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं, म्हणजे प्रत्येक घोटागणिक तहान वाढते. लघवीही पिऊ नये, कारण तेच.

दिवसा हालचाल कमी ठेवा, सावलीत राहा. ऊन फार असेल तर कपडे समुद्राच्या पाण्यात भिजवून अंगावर ठेवा, घाम वाचतो. पण सूर्य मावळायच्या आत ते वाळले पाहिजेत, नाहीतर रात्री थंडी धरते आणि मिठाने कातडीवर फोड येतात. पाऊस आला तर छपरावरचं पहिलं पाणी फेकून द्या, ते खारट असतं. मग भांडी, पिशव्या, जे हाती येईल ते भरा आणि त्या वेळी पोटभर प्या.

बरंच लिखाण इथे एक गोष्ट वगळतं. महिनोन्‌महिने तगलेले बहुतेक जण पावसाच्या पट्ट्यात होते. आपल्या किनाऱ्यासमोर, अरबी समुद्राच्या उत्तर भागात, नोव्हेंबर ते मे पाऊस जवळजवळ नसतोच. पावसाच्या भरवशावर बसता येत नाही. तिथे हाताने चालवायचा खारं पाणी गोडं करणारा छोटा पंप खरा आधार. तो सतत चालवला तर तासाला लिटरभराच्या आसपास पाणी देतो. आणि त्याहून मोठा आधार म्हणजे लवकर दिसणं.

खाण्याची घाई नको. पाणी नसताना मासे खाऊ नयेत, प्रथिनं पचवून उरलेला युरिया बाहेर टाकायला पाणीच लागतं. तराफ्यातली बिस्किटं पिठूळ-साखरेची असतात ती याचसाठी. माणूस पाण्याविना काही दिवसांत जातो, अन्नाविना काही आठवडे काढतो.

दिसण्याच्या साधनांत ईपर्ब, म्हणजे आपली जागा कळवणारा संकट-प्रक्षेपक, पहिला. ४०६ मेगाहर्ट्‌झवर तो उपग्रहाला संदेश देतो, जहाज बुडालं तर पाण्याच्या दाबाने आपोआप सुटतो, आणि त्याची बॅटरी किमान ४८ तास चालते. एकदा चालू केला की बंद करायचा नाही, तराफ्याला बांधून उभा ठेवायचा. तराफ्यातला दारूगोळा मोजका असतो: ४ पॅराशूट रॉकेट, ६ हातात धरायचे फ्लेअर, २ धुराचे डबे. रॉकेट सुमारे ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळतं, हातातला फ्लेअर एक मिनिट, धूर तीन मिनिटं. जहाज किंवा विमान दिसल्याशिवाय किंवा स्पष्ट ऐकू आल्याशिवाय एकही वापरू नका. घाबरून पहिल्याच रात्री सगळे उडवणं ही नेहमीची चूक. फ्लेअर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, तराफ्याबाहेर हात काढून धरा, ठिणगीने रबर जळतं. आरसा मात्र संपत नाही. उन्हात त्याचा झोत कित्येक मैलांवरून दिसतो, रोज क्षितिजावर फिरवत राहावं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. २३ नोव्हेंबर १९४२ ला बेनलोमंड हे ब्रिटिश जहाज अटलांटिकमध्ये टॉर्पेडोने बुडालं. त्यावरचा चिनी स्टुअर्ड (जेवणखाण पाहणारा कर्मचारी) पून लिम लाकडी तराफ्यावर एकटा १३३ दिवस राहिला. त्याने विजेरीतल्या तारेचा गळ केला, दोर उसवून मासेमारीची दोरी वळली, जॅकेटच्या कापडात पाऊस धरला, आणि समुद्र शांत असेल तेव्हा तराफ्याभोवती पोहून पायांतली ताकद राखली. शेवटी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ सापडला तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालू शकत होता. १९८२ मध्ये स्टीव्हन कॅलहॅन ७६ दिवस एकटा वाहत होता. मध्येच तराफ्याची नळी फाटली. ती बुजवायला दहा दिवस गेले, तोवर तो पुन्हा पुन्हा हवा भरत राहिला. दोघांनीही जवळून जाणारी जहाजं न थांबता निघून गेलेली पाहिली. माणूस सर्वांत जास्त खचतो तो त्या क्षणी. त्यावर उपाय एकच दिसतो, लगेच हातात पुढचं काम घेणं: पाणी उपसणं, नळ्यांतली हवा तपासणं (रात्री गारव्याने त्या मऊ पडतात, दुपारी ताणतात), पहाऱ्याची पाळी बदलणं.

म्हणून तराफ्यात कितीही थोडी माणसं असोत, एकाने प्रमुख व्हायचं, तासातासाची पहारापाळी लावायची, प्रत्येकाला नेमून दिलेलं काम हवं, अगदी जखमी माणसालाही, वेळ मोजण्याचं का असेना. रोजची नोंद ठेवायची. पाणी सगळ्यांसमोर मोजून वाटायचं, कारण वाटपात शंका आली की भांडणं होतात आणि भांडणात ताकद जाते. घरच्यांविषयी बोलावं, गाणी म्हणावीत, प्रार्थना करावी. ‘उद्या नक्की सुटका’ अशी तारीख मात्र कुणी देऊ नये. ती चुकली की लोक कोसळतात.

आणि प्रत्येकाने सगळं एकट्याने करायचं असतं असंही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये, एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, हलता येईना, पोटात पाणी ठरेना. ते संदेश पाठवून बिछान्यावर पडून राहिले, आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच नौकेने त्यांना उचललं. निपचित पडून शक्ती राखणं हाही तग धरण्याचाच भाग. २०२३ मध्ये त्याच शर्यतीत ते दुसरे आले.

सुटकेच्या वेळची एक गोष्ट भावाच्या मनावर ठसवा. बराच वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्यतो आडवंच उचलायचं. उभं ओढलं तर पाण्याचा दाब एकदम सुटतो, रक्त पायांकडे जातं आणि वाचलेला माणूस डेकवर आल्यावर दगावू शकतो. जहाज दिसलं म्हणून अंग सैल सोडू नये, उडी टाकून पोहत जाऊ नये.

जाण्याआधी घरून करता येण्यासारखं: लालबागच्या तरणतलावात पाण्यावर शांत तरंगण्याचा आणि कपड्यांसह पोहण्याचा सराव, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. जहाजावर जाण्याआधीच्या सक्तीच्या सुरक्षा प्रशिक्षणात तराफा सरळ करणं आणि उडी मारणं शिकवतात. ते प्रमाणपत्रापुरतं न करता त्याने दोनदा-तीनदा मागून करावं. तुमच्याकडे घरात एका कागदावर जहाजाचं नाव, त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांक, कंपनीचा २४ तासांचा फोन आणि भरती करणाऱ्या परवानाधारक एजन्सीचा आरपीएसएल क्रमांक लिहून ठेवा. आपल्या किनाऱ्यावर समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, किनारी पोलिसांचा १०९३. हा कागद आईच्याही हाताशी राहू दे.