पेट्रोल वाढतंय म्हणून जास्त अ‍ॅव्हरेजची जुनी गाडी जादा पैसे देऊन घ्यावी का?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला पारोळ्यात, शाळा अमळनेर तालुक्यात, महिन्याला हजारेक किलोमीटर फिरणं, बजेट साडेतीन लाख. पेट्रोल चढतंय म्हणून सेकंड हँडमध्ये सीएनजी वॅगनआर नाहीतर डिझेल स्विफ्ट बघताय. एजंट म्हणतो, अ‍ॅव्हरेजच्या गाड्या दर आठवड्याला महाग होताहेत, आत्ताच टोकन टाका.

टोकन टाकू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

माझं धुळ्यात गॅरेज आहे. जुनी गाडी घेण्याआधी लोक ती दाखवायला आणतात, त्यामुळे कोणती गाडी कितीला सुटली हे कानावर पडतच असतं. पेट्रोल दोन-चार रुपयांनी चढलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, अपघाताचा नसतो. ‘कितलं अ‍ॅव्हरेज देस?’ एवढंच. विकणारा काय झोपलेला नसतो. अल्टो, सेलेरिओ, वॅगनआर, डिझायर यांचा भाव तो लगेच वर नेतो. पुढच्या पाच वर्षांत तुमचं जे पेट्रोल वाचणार, त्याचे पैसे तो आजच तुमच्याकडून रोख काढून घेतो. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की विचारूच नका. मुहूर्तावर गाडी दारात पाहिजे म्हणून माणूस घासाघीससुद्धा करत नाही.

हा प्रकार जगभर चालतो. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा जिओ मेट्रो नावाच्या जुन्या, तीन सिलिंडरच्या, कोणी ढुंकून न बघणाऱ्या गाडीसाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजायला लागले होते. ती मूळ सुझुकीची कल्टस, आपल्याकडची एस्टीम त्याच घरातली. त्याच वर्षाच्या शेवटी कच्चं तेल कोसळलं. चढ्या भावात मेट्रो घेणाऱ्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

आता तुमचा हिशोब मांडू. पेट्रोल १०५ रुपये धरा आणि महिन्याला १,००० किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या गाडीला साडेपंचावन्न लिटर लागतं, म्हणजे ५,८०० च्या आसपास. २० देणारीला ५० लिटर, ५,२५० रुपये. फरक महिन्याला साधारण ५८० रुपये, वर्षाला सात हजार. एजंट त्या दोन किलोमीटरसाठी ६० हजार जास्त मागत असेल, तर ते फिटायला साडेआठ वर्षं लागतील, आणि तोवर गाडी पंधरा वर्षांची होऊन आरटीओच्या दारात उभी असेल. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करायची तर २०२२ पासून कारची नुसती फी पाच हजार आहे, पर्यावरण कर वेगळा.

आणि पेट्रोल पाच रुपयांनी वाढलं तर? त्याच १८ च्या गाडीवर तुमचा खर्च महिन्याला २८० रुपयांनी वाढतो. बस्स, एवढाच. २८० रुपयांच्या धास्तीने पन्नास-साठ हजार जादा देणं मला पटत नाही. पेपरातला आकडा बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण तो गोळा लिटरच्या भावाचा असतो, तुमच्या महिन्याच्या खर्चाचा नसतो.

यात एक गोम आहे, ती फार कमी लोक बघतात. १२ देणारी गाडी टाकून १५ देणारी घेतली तर महिन्याला १,७५० रुपये वाचतात. २० देणारी टाकून २३ देणारी घेतली तर सातशेसुद्धा वाचत नाहीत. तीन किलोमीटर दोन्हीकडे तेच. म्हणजे अ‍ॅव्हरेजचा खरा फायदा जुनी जीप नाहीतर मोठी पेट्रोल गाडी वापरणाऱ्याला आहे. छोट्या गाड्यांमध्ये एकीपेक्षा दुसरी दोन किलोमीटर पुढे, या चढाओढीत तुमच्या हाती फारसं काही लागत नाही. भाव मात्र याच चढाओढीवर वाढतात.

डिझेल स्विफ्टबद्दल. मूळ फियाटचं १२४८ सीसी इंजिन, उत्तम इंजिन, हायवेला २० च्या वर आरामात देतं. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे तुम्हाला मिळणारी सगळ्यात नवी गाडीसुद्धा त्याच्या आधीची. डिझेलच्या भावावरचं सरकारी नियंत्रण २०१४ मध्ये उठल्यापासून पेट्रोल-डिझेलच्या भावातली जुनी मोठी दरी राहिलेली नाही. इंजेक्टर नाहीतर टर्बोने एकदा मान टाकली की वर्षा-दोन वर्षांची सगळी बचत माझ्यासारख्याच्या गल्ल्यात येते. मला काय, चांगलंच आहे. पण दर आठवड्याला सुरतला माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला डिझेल ठीक. पारोळा-अमळनेर करणाऱ्या शिक्षकाला त्याचा उपयोग नाही. थंड इंजिनावर रोज थोडंथोडं चालवणं डिझेलला मानवतही नाही.

सीएनजीचं गणित खरोखर चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. कंपनीची वॅगनआर कागदावर किलोला ३४ च्या पुढे, रस्त्यावर २५ ते २८ धरा. गॅस ९० च्या आसपास धरला तर महिन्याचा खर्च साडेतीन हजारांवर येतो, पेट्रोलपेक्षा दीड-दोन हजार कमी. पण तीन गोष्टी बघा. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का? गॅससाठी धुळ्याला नाहीतर जळगावला वाकडी वाट करून जायचं असेल तर बचत तिथेच संपली. ज्या पंपापर्यंत पाइपलाइन नाही तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रक उशिरा आला की रांग, आणि ट्रकमधला दाब उतरला की टाकी अर्धीच भरते. दुसरं, डिक्की. सिलिंडर बसला की सामानाला जागा उरत नाही. गावाकडून ज्वारीचं पोतं आणायचं तर मागच्या सीटवर. तिसरं आणि महत्त्वाचं म्हणजे कागद. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी लागते, तिची तारीख बघा. बाहेरून किट बसवलेलं असेल तर आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं चढलेलं पाहिजे. नसेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला हात वर करतो, आणि आग लागली तर बोलायलाच नको. कंपनी फिटेड, टेस्ट झालेली, पंप वाटेवर, आणि किंमत त्याच वर्षाच्या पेट्रोल गाडीपेक्षा चाळीस हजारांच्या आत जास्त असेल तर घ्या, दोन-अडीच वर्षांत फिटेल. एक लाख जास्त मागत असतील तर सोडा.

जुन्या गाडीच्या किमतीबद्दल एक गोष्ट एजंट तुम्हाला सांगणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. त्या वेळी एस-प्रेसोची एक्स-शोरूम किंमत साडेतीन लाखांपासून आणि वॅगनआरची पाच लाखांच्या किंचित आतून जाहीर झाली होती. म्हणून कुठल्याही जुन्या गाडीचा भाव ठरवायच्या आधी शोरूममध्ये जाऊन आजचं कोटेशन हातात घ्या. सहा-सात वर्षं चाललेल्या वॅगनआरचे चार लाख मागणारे लोक मी बघतो आहे. ते जुन्या काळातल्या नव्या किमतीवर आकडा बांधून बसलेत. ‘जीएसटी वेगळा’ असंही कोणी सांगेल. डीलरला १८ टक्के पडतो तो त्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. गाडीच्या मालकाकडून थेट घेतली तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, हेही अ‍ॅव्हरेजच्या हिशोबात धरा. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे त्याच लिटरमध्ये गाडी थोडी कमी पळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे. विकणारा ‘मला २२ द्यायची’ म्हणतो तेव्हा तो कुठल्या सालची गोष्ट सांगतोय ते विचारा. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या पेट्रोलला चालतील अशा केलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप, गॅस्केट तडकलेत का, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत रबर तसंही टिकत नाही. त्या उन्हात एसी पूर्ण वेळ चालतो, मग १८ ची गाडी १५-१६ वर येते, कुठलीही असो.

नवापूरकडचे लोक पेट्रोल भरायला गुजरातच्या हद्दीत जातात, तिकडे लिटरमागे आठ-दहा रुपये कमी पडतात. त्यांना ते परवडतं, सीमा दारातच आहे. पारोळ्याहून कोणी त्यासाठी जाणार नाही. रावेरवाल्यांना तर तेही नाही, पलीकडे मध्य प्रदेशात पेट्रोल स्वस्त नाहीच. पण गुजरातवरून आठवलं: सुरतहून जीजे पासिंगच्या गाड्या आपल्याकडे भरपूर येतात, आणि दिसायला पन्नास-साठ हजारांनी स्वस्त असतात. आपले अर्धे नातेवाईक उधना-लिंबायतला, त्यामुळे ओळखही निघते. गाडी कायमची इकडे आणायची तर तिकडची एनओसी, इकडे नव्याने नोंदणी आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हे सगळं धरून बेरीज करा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच विरते. आणि पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग असेल तर चहा पिऊन निघा.

मीटर फिरवणं हा तर धंदाच झालाय. ‘४० हजार चाललेली, डॉक्टरांची गाडी’ असं सांगतात. ब्रेक-क्लचच्या पॅडलवरचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. गाडी २०१८ ची, ४० हजार चाललेली आणि टायर तिसऱ्यांदा बदललेले, हे जुळत नाही. शोरूमची सर्व्हिस हिस्ट्री नंबरावरून निघते, मालकालाच काढायला लावा. काचकूच केली तर समजून जा.

अ‍ॅव्हरेज डॅशबोर्डवरच्या आकड्यावर तपासू नका, तो आकडा बहुतेक वेळा खुशमस्कऱ्या असतो. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, शे-दीडशे किलोमीटर तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, मग परत त्याच पंपावर टाकी फुल. मालक ओळखीचा असेल तर तो एक दिवस गाडी देतो. हायवेवर ऐंशीने चालवा. शंभरच्या पुढे गेलात की कुठलीच गाडी सांगितलेलं अ‍ॅव्हरेज देत नाही. टायरमधली हवा आधी बघून घ्या, कमी हवेवर चांगली गाडीही नापास होते.

मग घ्यावी कोणती? माझं मत विचाराल तर ज्या गाडीला आज गर्दी नाही ती. ग्रँड आय१० पेट्रोल, टियागो पेट्रोल, टोयोटाची लिवा, होंडाची ब्रिओ. शेवटच्या दोन बंद झाल्यात म्हणून लोक बिचकतात, पण इंजिनं दणकट आहेत. फोर्ड फिगोही स्वस्तात मिळते, कारण कंपनीने २०२१ मध्ये भारतासाठी गाड्या बनवणं थांबवलं. पार्टसाठी थांबायची तयारी असेल तरच. या सगळ्या व्यवस्थित ठेवलेल्या असतील तर १६ ते १८ देतात. तुमच्या बजेटमध्ये अडीच-पावणेतीन लाखांत पहिल्या मालकाची, स्वच्छ कागदाची गाडी बघा. उरलेल्या पैशांत चार टायर, बॅटरी, फुल सर्व्हिस आणि फुल इन्शुरन्स करा. तरीही हातात शिल्लक राहील, आणि ती शिल्लक तुमचं पुढच्या काही वर्षांचं वाढीव पेट्रोल सहज भरेल.

व्यवहाराच्या दिवशी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते परिवहनच्या अ‍ॅपवर बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनं किती बाकी आहेत तेही बघा, नाहीतर आधीच्या मालकाचा वेग तुम्ही फेडाल. २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन एजंटाच्या कपाटात ठेवू नका, लगेच आरटीओला जमा करा, आणि इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या.