घरच्या इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमध्ये नाशिक ढोल टाकला की किक (बेस ड्रमचा खोल ठोका) दबते आणि सगळं सपाट वाटतं. काय करू?

ढोलाची जाड बाजू आणि किक, दोघांचा जोर साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्येच असतो, म्हणून ते एकमेकांना गिळतात. तळ, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, किकला द्या. ढोलावर ८०-९० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा आणि टिपरूचा (ढोल वाजवायच्या काठीचा) कडक आवाज २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये थोडा उचला. मग किकवरून साइडचेन, म्हणजे किक वाजली की ढोल आपोआप दबेल अशी जोडणी: दर ठोक्याला ढोल ३ डीबी खाली आला तरी पुरतं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ठोका अर्ध्या सेकंदाने येतो, म्हणून रिलीज (दबलेला आवाज परत वर यायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा.

सपाटपणाचं कारण बहुधा कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं साधन. अटॅक (तो दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद असेल तर थापेचा टणत्कारच मरतो. २०-३० करून बघा. मास्टरवरचा (संपूर्ण ट्रॅकच्या शेवटच्या आउटपुटवरचा) लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची मर्यादा घालणारं साधन, आत्ता काढाच, पीक उणे ६ डीबीच्या वर नको.

नाशिकच्या मेन रोडवरच्या गणपती मिरवणुकीत नीट ऐका. आधी ताशा एकटा चालतो, मग सगळे ढोल एकदम पडतात आणि काटा येतो. तुमच्या ट्रॅकमध्ये ढोल पहिल्या सेकंदापासून वाजतोय का? ड्रॉपआधी (सगळं एकदम पडतं त्या जागेआधी) ८ बार (तालाची आवर्तनं) किक आणि ढोल दोन्ही काढा. मी सिडकोतल्या छोट्या खोलीत मिक्स करतो, तिथे कोपऱ्यात बेस फुगतो. म्हणून शेवटी हेडफोनवर आणि मोनोत (डावा-उजवा आवाज एकत्र करून) ऐकतोच.