टेरेसवरचा १२ वर्षं जुना लाकडी डेक दुरुस्त करावा की काढून नवीन करावा?

तुम्ही लिहिलंय की बावधनला रो हाऊस आहे, पहिल्या मजल्याच्या टेरेसवर १२ वर्षांपूर्वी सागवानी डेक करून घेतला होता, आता फळ्या काळ्या-करड्या पडल्यात, दोन-तीन ठिकाणी पाय दिला की दबतंय, आणि एक सुतार म्हणतो सगळं उखडा नि डब्ल्यूपीसी (भुसा-प्लास्टिकच्या तयार फळ्या) टाका तर दुसरा म्हणतो पॉलिशचा हात मारला की पुढची पाच वर्षं बघायला नको. तुमच्या लिहिण्यावरून तरी दोघांनीही फक्त वरच्या फळ्या बघितल्यात, खाली कुणी वाकून बघितलेलं दिसत नाही. आणि हा निर्णय फळ्यांवर होतच नाही हो, तो खालच्या फ्रेमवर आणि त्याच्याही खालच्या स्लॅबवर होतो.

मी इंटिरिअरची कामं घेतो, त्यात बाणेर, पाषाण, बावधन भागातले टेरेसचे डेक बरेच येतात. कुठलाही जुना डेक बघायला गेलो की आधी दोन फळ्या काढायला लावतो, एक भिंतीलगतची आणि एक जिथे कुंड्या ठेवलेल्या असतात तिथली, आणि आत टॉर्च मारतो. ते न करता कुणी तुम्हाला रेट सांगत असेल तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

रंगाचं टेन्शन घेऊ नका. उन्हाने लाकडातलं लिग्निन (तंतू एकत्र धरून ठेवणारा घटक) तुटतं, पावसात ते धुऊन जातं आणि वर करडा थर राहतो. तो अगदी पातळ असतो, एखाद्या कोपऱ्यात रंधा मारून बघा, खाली सोनेरी-तपकिरी सागवान निघेल आणि सागवानाचा तो वासही येईल. स्क्रूच्या भोवती जे काळे डाग दिसतात ती बुरशी नसते, सागवानातलं टॅनिन आणि साध्या लोखंडी स्क्रूचं लोखंड यांची ती रिॲक्शन आहे, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने बरेच जातात (हातमोजे घालून करा, लहान मुलं-कुत्री लांब ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा). हिरवट बुळबुळीत जे असतं ते शेवाळ, ताठ ब्रशने घासून काढा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, मऊ तंतू निघून जातात आणि फळी कुसळांनी भरते, मग अनवाणी चालणाऱ्यांच्या शिव्या खा.

आता जे दबतंय ते. इथे खरा पैसा आहे. दबण्याची तीन कारणं असतात आणि तिन्हींचा खर्च वेगळा. पहिलं म्हणजे फळी चांगली, बॅटनही (फळ्यांखालची फ्रेमची लाकडी पट्टी) चांगलं, फक्त स्क्रूचं भोक ढिलं झालंय, हे तर दोन तासांचं काम, जुन्या भोकाच्या थोडं बाजूला स्टेनलेस स्टीलचा नवीन स्क्रू मारायचा, ३०४ ग्रेडचा चालतो. दुसरं म्हणजे फळी कुजलीय, तेवढी फळी बदलायची. तिसरं म्हणजे खालचं बॅटन गेलंय, आणि ते मात्र वरून कळतच नाही.

बघायचं कसं तर एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि टोचत जा. चांगल्या सागवानात टोक जेमतेम रुततं आणि कड उचकटली तर लांब चिरफळी निघते, कुजलेल्या लाकडात टोक लोण्यासारखं आत जातं आणि उचकटलं तर तुकडा कट्कन तुटून भुगा होतो. चौकोनी चौकोनी भेगा पडलेलं तपकिरी लाकूड दिसलं तर समजा की त्याच्यात जीव नाही. टोचायचं कुठे, तर फळीच्या मध्यावर टोचून उपयोग नाही, टोकांना टोचा, बॅटन भिंतीला टेकतं तिथे, जोड आहेत तिथे, कुंड्यांच्या खाली, पाणी जायच्या जाळीपाशी. हातोडीच्या दांड्याने ठोकतही जा, पोकळ आवाज आला तर वाळवीचा संशय घ्या. वाळवी वरचा पापुद्रा तसाच ठेवून आतून खाते, भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का तेही बघा. पहिल्या मजल्यावर वाळवी कुठून येणार असं लोक म्हणतात, भिंतीतून चढते, चांगली येते.

अजून एक, सागवान सागवान म्हणून आपण ऐकतो पण आतलं तपकिरी लाकूड आणि सालीजवळचं पांढरट लाकूड यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. टिकतं ते आतलं. पांढरं लाकूड सागाचंच असलं तरी बाहेर ठेवलं की कुजतं आणि कीडही त्याला आधी लागते. वरच्या फळ्या निवडून बिनपांढऱ्या लावतात आणि खाली दिसत नाही म्हणून पांढऱ्या पट्ट्याची बॅटन ठोकतात, कधीकधी तर साधं पाइनच असतं. म्हणून १२ वर्षांनी वरचं ठणठणीत आणि खालचं भुसा, असं चित्र निघतं.

आणि खालचंच आधी का जातं? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. पुण्याची हवा त्या मानाने बरीय, शहरात वर्षाला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर, नंतर कोरडं. वरच्या फळीला वारा लागतो, ऊन लागतं, ती दोन-तीन दिवसांत वाळते. खाली मात्र फटीतून पडलेला पाला साठतो, गुलमोहर नाहीतर रेन ट्री शेजारी असेल तर विचारूच नका, ती बारीक पानं ५-६ मिलिमीटरच्या फटीत अशी काही बसतात की पाणीच अडतं, त्याचा चिखल होतो आणि बॅटन दिवाळीपर्यंत ओलं राहतं. त्यात बॅटन थेट कोब्यावर टेकवलेलं असेल तर संपलंच. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये लाकडी खांब कधी जमिनीत घेतलेला बघितलाय का? खाली दगडाचा तळखडा असतो, लाकूड ओलीपासून उचललेलं असतं, म्हणून ते खांब इतकी वर्षं उभे राहिले. डेकखाली रबरी पॅड किंवा पेडेस्टल लावायचे ते ह्याचसाठी, आणि इतकी साधी गोष्ट असूनही निम्म्या ठिकाणी ते नसतात.

स्लॅबचं आता. खालच्या खोलीच्या छताला पोपडे आलेत का, ओल दिसते का, हे आधी बघा कारण सगळा निर्णय यावर फिरू शकतो. वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर फ्रेम कितीही चांगली असली तरी पूर्ण डेक उचलावाच लागणार, आणि काही सुतार फ्रेम हलू नये म्हणून कोब्यातच ड्रिल मारून अँकर ठोकतात, म्हणजे गळती आपणच विकत घेतली. तसं असेल तर क्रम असा: डेक काढा, फळ्यांवर मागून नंबर टाका, वॉटरप्रूफिंग करून घ्या, किमान २४ तास पाणी भरून ठेवून चाचणी घ्या, आणि मगच फ्रेम बसवा, तीही ड्रिल न मारता. नवीन डेक आधी आणि गळती नंतर असा उलटा क्रम केलेली माणसं मला दरवर्षी भेटतात.

माझा हिशोब साधा आहे. स्लॅब कोरडा आणि फ्रेमचा पाव हिस्सा किंवा त्याहून कमी खराब असेल तर दुरुस्ती, बिनधास्त. खराब बॅटन कापताना कुजलेल्याच्या पुढचं फूटभर चांगलं दिसणारं लाकूडही कापायचं कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते, आणि नवीन तुकडा जुन्याच्या बाजूला लांब जोडून घ्यायचा, टोकाला टोक चिकटवून नाही. फ्रेम अर्ध्याहून जास्त गेली असेल तर फ्रेम पूर्ण नवीन. मधलं काही असेल तरी मी फ्रेम नवीन करून फळ्या जुन्या ठेवायला सांगतो, हा पर्याय कुणी सुचवत नाही कारण त्यात मजुरी जास्त आणि मालावरची कमाई कमी. १ इंची सागवानी फळी उलटी करून, सँडिंग करून लावली की मस्त दिसते, फक्त खालच्या बाजूला खाचे पाडलेले नसावेत आणि तीही बाजू टोचून बघितलेली असावी.

एका बाबतीत मात्र थांबू नका. तुमच्या रेलिंगचे खांब डेकच्या फ्रेमवर उभे असतील तर आज हलवून बघा, हलत असतील तर तो भाग बंद करा. पाणी भरलेला ड्रम म्हणजे २०० किलो आणि कोजागरीला २० माणसं वर बसली की हजार-बाराशे किलो सहज होतात, तेव्हा कुणीतरी रेलिंगला टेकणारच.

डब्ल्यूपीसी वाईट नाही. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, पॉलिशची कटकट नाही, वाळवीचाही फारसा त्रास नाही. पण त्याला बॅटन जवळजवळ लागतात, साधारण फूटभर अंतरावर, म्हणजे तुमच्या जुन्या फ्रेमवर ते तसंच बसवता येईलच असं नाही. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा एकदा, मग ठरवा. उन्हात ते लांबीत वाढतं, टोकांना जागा सोडली नाही तर फुगवटा येतो. आणि एकदा ओरखडा पडला की रंधा मारून नवं करता येत नाही, सागवानाला येतं. डेकवर दिवसभर सावली असेल आणि देखभाल करणारं घरी कुणी नसेल तर घ्या, नाहीतर असलेलं सागवान काढून प्लास्टिक टाकायला मी तरी सांगणार नाही.

पॉलिशवाल्या सुताराला विचारा कुठलं पॉलिश. मेलामाईन म्हणाला तर नको म्हणा, ते घरातल्या फर्निचरचं, बाहेर उन्हापावसात तडकतं आणि त्याखाली पाणी शिरून जास्तच वाट लागते. बाहेरच्या लाकडाला आत मुरणारं, यूव्ही आणि बुरशीला अडवणारं डेक ऑइल लागतं आणि ते वर्षाला एकदा लावायचंच, दिवाळीच्या साफसफाईबरोबर लावलंत तर लक्षात राहतं. कुजलेल्या जागी भुसा आणि पांढरा गोंद भरून वर रंग मारायचं बोलला तर तेही नको, आत ओल तशीच राहते.

वेळेचं म्हणाल तर तुम्ही विचारताय तेव्हा मे अर्धा संपलाय. आता पूर्ण काम काढू नका, अर्धवट उघडा डेक आणि वर पाऊस म्हणजे दोन्हीकडून नुकसान. आत्ता दबणाऱ्या फळ्या उचला, फटी साफ करा, पाला काढा, कुंड्या स्टँडवर घ्या आणि स्लॅबला ओल असेल तर तेवढंच पावसाआधी उरका. बाकीचं ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपून दोन आठवडे झाले की परत टॉर्च मारा, तोपर्यंत जे ओलं आहे तेच तुमचं दुखणं. लाकडाचं काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केलेलं चांगलं, मे महिन्यात खडखडीत वाळलेल्या फळ्या चिकटून लावल्या तर जुलैत फुगून एकमेकींना उचलतात.

कोटेशन घेताना फ्रेम आणि फळ्या वेगवेगळ्या लिहून घ्या, लाकडाची जात, घनफुटाचा दर, स्क्रू कुठला, पॅड आहेत की नाही, सगळं कागदावर. आणि निघालेलं लाकूड कुणाचं हेही आधीच ठरवा. 'साहेब, जुना माल आम्ही उचलून नेतो, त्याचे पैसे नका देऊ' असं फार प्रेमाने म्हणतात, पण जुन्या सागवानाला भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे गिऱ्हाईक असतं, तेव्हा तो माल बिलातून वजा करून घ्या. खालची बॅटन हिरवट झाक असलेल्या ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) पाइनची निघाली तर मात्र ती कुणालाही जाळायला देऊ नका आणि स्वतःच्याही बंबात घालू नका, त्यात आर्सेनिक असू शकतं आणि ते धुरात नि राखेत उतरतं.