दूध ताटातून काढलं, उटण्यात राहिलं

एक्झिमा (त्वचा कोरडी पडून सतत खाज सुटणारा आजार) असलेल्या मुलाची आई समोर बसली की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: “ताई, काय बंद करू?” इंदूरच्या मराठी घरांत ही यादी जवळपास ठरलेली असते. दूध, दही, अंडं, वांगं, टोमॅटो, आंबट ते सगळं. म्हणून एका घराची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी चार वर्षांची. कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागे खाजवून खाजवून कातडी जाड झालेली. आठ महिने दूध-दही बंद, वजन तिथल्या तिथे. आई म्हणाली, “एवढं पथ्य करूनही जात नाही, म्हणजे अजून काहीतरी खाण्यातलंच राहिलंय.”

मी खाण्याचा विषय बाजूला ठेवला आणि आंघोळीचं विचारलं. आजींनी उत्साहाने सांगितलं, “आधी सरसोंच्या तेलाने मालिश. मग बेसन, साय, हळद लावून उटणं. वरून कडुनिंबाचं पाणी. साबण लावतच नाही आम्ही.”

“आजी, साय कशाची?”

“दुधाचीच की.” आणि त्या थांबल्या. सुनेकडे बघत म्हणाल्या, “अगं, पोटात बंद केलं नि अंगाला रोज लावतोय.”

हे त्यांच्याच तोंडून आलं याचं मोल मोठं. मी सांगितलं असतं तर आजींचा अपमान झाला असता आणि उटणं चोरून चालू राहिलं असतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं काम काढून घ्यायचं असेल तर त्याच बैठकीत दुसरं काम हाती द्यावं, हे माझं ठाम मत आहे.

त्यामागचं शास्त्र असं. एक्झिमात त्वचेची भिंत फुटकी असते. तिच्यातून अन्नाचं प्रथिन आत शिरलं तर शरीर त्याच्याशी वैर धरू शकतं. तेच तोंडावाटे गेलं तर बहुधा शरीराची त्याच्याशी ओळख होते आणि ते खपवून घेतलं जातं. ही मांडणी लंडनचे बाल-ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांनी २००८ मध्ये केली. पुढे २०१५ मध्ये लंडनच्या ‘लीप’ अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी काहींना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, काहींना वर्ज्य ठेवला. पाचव्या वर्षी ॲलर्जी खाणाऱ्यांत ३.२ टक्के, वर्ज्य गटात १७.२ टक्के.

तेव्हा उटणं बंद. सरसोंचं तेलही बंद, ते फुटक्या त्वचेला झोंबतं. कडुनिंबाचं पाणी चिरांवर चुरचुरतं. कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात तर कधीच नको; त्याने झटके येऊन मुलं दगावली आहेत.

आजींकडे नवं काम आलं. कोमट पाण्याची आंघोळ, ५ ते १० मिनिटं, बिनवासाचा सौम्य क्लेन्झर फक्त गरज तिथे. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. ३ मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच, जाड बिनवासाचं मॉइश्चरायझर सगळ्या अंगाला. दिवसातून किमान दोनदा. बहुतेक घरं इथेच फसतात: मटाराएवढा ठिपका लावतात. या वयाला आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम लागतं.

घरगुतीच हवं असेल तर शुद्ध व्हर्जिन खोबरेल चालतं. २०१४ मध्ये फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवरच्या चाचणीत सौम्य ते मध्यम एक्झिमात ते मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं. नारळाची ॲलर्जी असेल किंवा जखमेतून पाणी येत असेल तर मात्र नको.

डॉक्टरांचं स्टेरॉइड मलम आईने भीतीने कपाटात ठेवलं होतं. त्याचं माप सोपं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली एक रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. उलट, कुणीतरी दिलेलं घटकांची यादी नसलेलं ‘जडीबुटी’ मलम रात्रीत गुण देतं आणि थांबवताच दुप्पट उसळतं, तेव्हा त्यात तीव्र स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी.

आता ताट. दूध किंवा अंडं दिल्यावर तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठणं, उलटी, ओठ सुजणं असं झालं असेल, किंवा नीट उपचार करूनही एक्झिमा आटोक्यात येत नसेल, तरच पथ्याचा विचार. तोही डॉक्टरांच्या देखरेखीत, एका वेळी एकच पदार्थ, २ ते ४ आठवडे, आणि मग परत देऊन पाहायचं. परत देण्याची पायरी गाळली तर काहीच सिद्ध होत नाही. नुसत्या ॲलर्जीच्या रक्त तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून पदार्थ काढू नये. दूध खरोखर काढावं लागलं तर कॅल्शियमची भरपाई आधी ठरवावी: या वयाला रोज सुमारे ५५० मिलिग्रॅम लागतं, ३० ग्रॅम नाचणीतून जेमतेम १०० मिळतं.

या मुलीची वांगं, टोमॅटो, आमटी लगेच परत सुरू झाली. दूध मात्र घरी सुरू करू दिलं नाही. दीर्घकाळ बंद राहिलेल्या दुधावर एक्झिमाच्या मुलांना क्वचित पहिल्याच घोटाला तीव्र प्रतिक्रिया येते. म्हणून पहिला चमचा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, त्यांच्या नजरेखाली. आजी सोबत गेल्या.