धार्मिक समुदायाच्या जुन्या नोंदी स्कॅन केल्यावर मूळ कागदांची गरज उरते का?

आपल्या समुदायाच्या विश्वस्त मंडळाने जुन्या कागदपत्रांचे एक कपाट आपल्या हवाली केले आहे आणि सर्व काही स्कॅन करून मूळ कागद काढून टाकावेत असा मंडळाचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी अभिलेखपाल, म्हणजे जुनी कागदपत्रे जपणारा आणि लावणारा माणूस, नेमके काय करतो आणि त्याची खरोखर गरज आहे का, असा आपला प्रश्न आहे. मी धार्मिक संस्थांच्या दफ्तरांवर काम करणारा अभिलेखपाल आहे आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: मूळ कागद टाकू नयेत. स्कॅनरला हात लावण्याआधी जे काम करावे लागते, त्यातच या व्यवसायाचा गाभा आहे. कागद टिकवणे हा त्याचा एक भाग झाला. त्याहून अवघड असते ती कागदाची विश्वासार्हता टिकवणे. तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, कोणाच्या ताब्यात होता, कशाशेजारी ठेवलेला होता आणि मधल्या काळात त्यातून कोणी काही काढून तर घेतले नाही ना, याची उत्तरे अनेक वर्षांनी येणाऱ्या अनोळखी वाचकालाही मिळाली पाहिजेत.

धार्मिक समुदायाचे दफ्तर म्हटले की धर्मग्रंथांची हस्तलिखिते आणि संस्थापकांची पत्रे डोळ्यांसमोर येतात. ती असतातच, पण थोडी. कपाटाचा बहुतेक भाग व्यापलेला असतो तो जमाखर्चाच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, देणग्यांच्या पावत्या, जमिनीचे दस्तऐवज, सभासदांच्या याद्या, तक्रारअर्ज आणि जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी यांनी. माझ्या मते हाच ऐवज सर्वांत मोलाचा आहे, कारण धर्मग्रंथाच्या प्रती अन्यत्रही सापडतात, परंतु एखाद्या टंचाईच्या वर्षी समुदायाने कोणाला मदत केली आणि कोणाला नाकारली, हे त्या एकाच वहीत लिहिलेले असते. इंग्लंडमध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची आणि एक किल्ली धर्मगुरूकडे, तर दुसरी चर्चच्या व्यवस्थापकांकडे द्यायची, असेही त्यात नमूद होते. एकट्याच्या हाती नोंद राहू नये, ही जाणीव इतकी जुनी आहे. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक पॅरिशांना विवाहाच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७ साली सुरू झाली. म्हणजे त्याआधीच्या सुमारे तीनशे वर्षांतील असंख्य सामान्य माणसांचे अस्तित्व सिद्ध करणारी एकमेव ओळ चर्चच्या वहीत आहे.

काय जपण्यासारखे आणि काय टाकण्यासारखे हे पाहताक्षणी ठरवण्याचा मोह सर्वांनाच होतो. कैरोच्या फुस्तात भागातील बेन एझ्रा सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचे, उदाहरण या बाबतीत मला फार बोलके वाटते. देवाचे नाव असू शकणारा लिखित कागद फेकून द्यायचा नाही, या ज्यू परंपरेमुळे तेथील जुने कागद शतकानुशतके एका कोठीत टाकले जात होते. केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासक सॉलोमन शेक्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यांतील सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत धार्मिक ग्रंथांची पाने होती, तशीच व्यापाऱ्यांची पत्रे, विवाहाचे करार, कर्जरोखे, दानधर्माच्या याद्या आणि मुलांचे अक्षर गिरवण्याचे कागदही होते. भूमध्य समुद्राच्या काठावरील मध्ययुगीन जीवनाविषयी आज जे तपशीलवार ज्ञान आहे, त्यातील मोठा भाग या कागदांवर उभा आहे. हा संग्रह एवढा समृद्ध ठरला, कारण त्यातून निवड करायला कोणी बसलेच नव्हते. सर्वच जपा असा याचा अर्थ मी काढत नाही, कारण जागा आणि पैसा दोन्ही मर्यादित असतात. पण निवड नेहमी उशिरा, सावकाश आणि लेखी कारणांसह करावी, एवढा अर्थ मात्र नक्की काढतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. पहिले काम म्हणजे काहीही न हलवता पाहणे. कोणत्या फळीवर कोणते बाड आहे, त्यावर काय लिहिले आहे, कोणत्या वहीत कोणते सुटे कागद खोचलेले आहेत, याची टिपणे आणि छायाचित्रे आधी तयार होतात. सर्व पत्रे एकीकडे आणि सर्व हिशेब दुसरीकडे, अशी नीटनेटकी विभागणी करावीशी वाटते, पण तीच सर्वाधिक नुकसान करते. समजा, हिशेबवहीच्या एका पानात दुमडून ठेवलेले पत्र आहे आणि त्या पानावरील मोठ्या खर्चाचे कारण त्या पत्रात आहे. पत्र वेगळ्या फायलीत गेले की खर्च अनाकलनीय होतो आणि पत्रही पोरके होते. एका संस्थेचे वा व्यक्तीचे कागद दुसऱ्यांच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे तत्त्व फ्रान्सने १८४१ साली सरकारी परिपत्रकाद्वारे घालून दिले आणि कागदांचा मूळ क्रम राखण्याच्या तत्त्वासह ते आज जगभर पाळले जाते. धार्मिक समुदायांच्या बाबतीत त्याची गरज अधिकच, कारण तेथे महिला मंडळ, अन्नछत्र, शाळा, विश्वस्त मंडळ आणि धर्मप्रमुखांचे कार्यालय अशा अनेक शाखांचे कागद एकाच खोलीत येऊन पडलेले असतात आणि प्रत्येक शाखेने एकच घटना आपापल्या दृष्टीने लिहून ठेवलेली असते.

यापुढील गोष्ट अधिक नाजूक आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समुदायाला आपला इतिहास प्रिय असतो, आणि म्हणूनच काही कागद नकोसे वाटतात: फुटीच्या काळातील कडवट पत्रव्यवहार, पैशांच्या अफरातफरीची चौकशी, बहिष्काराचे ठराव, एखाद्या आदरणीय व्यक्तीविरुद्धची तक्रार. “यातून समुदायाचीच बदनामी होईल,” असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांना आपल्या श्रद्धास्थानाची काळजी असते आणि ती समजून घेतलीच पाहिजे. तरीही असे कागद नष्ट होऊ न देणे हे अभिलेखपालाचे कर्तव्य आहे. अमेरिकेतील मेरीलँड प्रांताच्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले लुइझियानातील खरेदीदारांना १ लाख १५ हजार डॉलरला विकली, आणि त्या रकमेचा काही भाग जॉर्जटाउन येथील त्यांच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. या व्यवहाराचा करार, विकलेल्या माणसांच्या नावांची यादी आणि त्यावर झालेला पत्रव्यवहार संघाच्याच दफ्तरात जपला गेला. ते दफ्तर आज जॉर्जटाउन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ही माणसे कॅथलिक असल्यामुळे त्यांचे बाप्तिस्मे आणि विवाह चर्चच्या नोंदवह्यांत उतरले होते. करारातील नाव, जहाजावरील यादी आणि पॅरिशची वही यांची सांगड घालत आजच्या हजारो वंशजांना आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचता आले. एप्रिल २०१७ मध्ये जेझुइट संघाने आणि विद्यापीठाने वंशजांसमोर जाहीर क्षमा मागितली.

त्या कराराचा कागद मधल्या पावणेदोनशे वर्षांत कोणा सद्‌हेतू माणसाने समुदायाच्या प्रतिष्ठेसाठी जाळला असता, तर जेझुइटांची लाज झाकली गेली असती, पण त्या २७२ जणांची नावे एकत्र सांगणारा पुरावा उरला नसता. क्षमा मागण्यासाठीसुद्धा नावे ठाऊक असावी लागतात. म्हणून विश्वस्तांशी बोलताना मी एकच विनंती आग्रहाने करतो: एखादा कागद आज वाचकांना दाखवायचा नसेल तर तो बंद पाकिटात ठेवा, त्यावर खुला करण्याची तारीख लिहा, पण नष्ट करू नका.

जतनाच्या तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात लिहितो. कागदाचे खरे शत्रू म्हणजे दमटपणा, उष्णता, प्रकाश, कीड आणि चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती. तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली आणि सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्के राखता आली तर उत्तमच, पण त्यात सारखे चढउतार न होणे अधिक महत्त्वाचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद रूढ झाला आणि तो स्वतःच्या आम्लतेने पिवळा व ठिसूळ होतो. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची इतिवृत्ते कित्येकदा चारशे वर्षांपूर्वीच्या चिंध्यांच्या कागदापेक्षा वाईट स्थितीत असतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये, टाचण्या आणि क्लिपा हलक्या हाताने काढाव्यात, कागद आम्लमुक्त पाकिटांत व खोक्यांत ठेवावेत. भिजलेले कागद असतील तर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. लगेच वाळवणे शक्य नसेल तर ते गोठवणे हा मान्य उपाय आहे.

बगदादमध्ये मे २००३ मध्ये नेमके हेच करावे लागले. गुप्तचर खात्याच्या पाणी भरलेल्या तळघरात इराकी ज्यू समुदायाची सुमारे २,७०० पुस्तके आणि हजारो कागद भिजलेल्या अवस्थेत सापडले. ते गोठवून अमेरिकेत नेण्यात आले आणि तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांचे जतन व डिजिटायझेशन केले. त्यांतील वापरण्यापलीकडे गेलेले तोराच्या (ज्यू धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्यांचे तुकडे डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका ज्यू दफनभूमीत विधिपूर्वक पुरण्यात आले. या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एखादी वस्तू कोणी हाताळावी आणि तिला निरोप कसा द्यावा याचे समुदायाचे नियम असतात. ते समजून न घेता केवळ तंत्राच्या जोरावर काम करणारा माणूस समुदायाचा विश्वास गमावतो. मूळ कागद मात्र इराकचे की जगभर पांगलेल्या इराकी ज्यूंचे, हा वाद उभा राहिला, आणि तो डिजिटल प्रतींनी सुटणारा नव्हता.

स्कॅनिंगचे महत्त्व मी कमी लेखत नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाच्या मठाशी संलग्न असलेल्या हिल संग्रहालय व हस्तलिखित ग्रंथालयाने १९६५ पासून मठांतील आणि पुढे इतर धर्मसमुदायांच्या हस्तलिखितांची छायाचित्रे घेण्याचे काम चालवले आहे; मूळ हस्तलिखिते समुदायाकडेच राहतात. इराक आणि सीरियातील संघर्षांत काही हस्तलिखिते नष्ट वा बेपत्ता झाली आणि आता त्यांची केवळ छायाचित्रे उरली आहेत. जेथे धोका डोक्यावर आहे तेथे आधी छायाचित्रे घ्यावीत, हे निर्विवाद. पण छायाचित्रात कागदाचा जलचिन्हांकित पोत, बांधणीतून कापलेल्या पानाचे अवशेष, शाईखालची खाडाखोड हे सर्व पुरेसे येत नाही, आणि नोंदीच्या खरेपणाविषयी वाद झाला तर तपासायला मूळ वस्तूच लागते. शिवाय डिजिटल फाइल नुसती पडून राहिली तर सुरक्षित राहत नाही: किमान तीन प्रती, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, चेकसमने (फाइल बदलली वा बिघडली नाही ना, हे दाखवणाऱ्या आकड्याने) नियमित पडताळणी आणि दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर स्थलांतर, एवढा खर्च मंडळाने कायमचा मान्य करावा लागतो. वर्णन नसलेल्या हजारो प्रतिमांचा फोल्डर, ज्यात फाइलींची नावे केवळ क्रमांक आहेत, तो मला बंद कपाटाइतकाच निरुपयोगी वाटतो.

कोणाला काय दाखवायचे, हेही आधीच ठरवावे. व्हॅटिकनने पोप पायस बारावे यांच्या १९३९ ते १९५८ या कारकिर्दीची कागदपत्रे २ मार्च २०२० रोजी संशोधकांसाठी खुली केली. दुसरे महायुद्ध याच कारकिर्दीत झाले, पण तोपर्यंत ज्यांचे आप्त त्या युद्धात मारले गेले त्या पिढीतील बहुतेक लोक हयात नव्हते. अतिगुप्ततेची अशी किंमत असते. उलट, हयात व्यक्तींचे आजार, दत्तकविधान, कौटुंबिक कलह किंवा धर्मगुरूंजवळ विश्वासाने उघड केलेल्या गोष्टी आज महाजालावर टाकणे हा त्यांच्यावरचा अन्याय ठरेल. माझ्या अनुभवात प्रत्येक प्रकारच्या नोंदींसाठी वेगळी मुदत ठरवून ती ठरावात लिहिणे सर्वांत न्याय्य ठरते, कारण मग एखाद्याला नकार देताना कोणाची मर्जी आड येत नाही.

आपल्या कपाटापुरते सांगायचे तर मंडळाकडून आधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कागदांची मालकी कोणाची, मंडळ विसर्जित झाले वा समुदाय स्थलांतरित झाला तर ते कोठे जातील, आणि कोणताही कागद काढून टाकण्याचा निर्णय कोण घेईल. कोरे छापील नमुने, एकाच परिपत्रकाच्या डझनभर प्रती आणि बाजारात मिळणारी छापील पुस्तके काढायला हरकत नाही. मात्र काय काढले याची यादी इतिवृत्तात नोंदवावी. त्यानंतर खोक्यांची साधी सूची करावी आणि मगच स्कॅनिंगचा क्रम ठरवावा, ज्यात सर्वांत जीर्ण आणि सर्वाधिक मागणी असलेल्या नोंदवह्या आधी याव्यात. कपाटात समुदायाची जुनी छायाचित्रे असतील तर त्यांचे काम मात्र सूचीसाठीही थांबवू नये. समुदायातील सर्वांत वयोवृद्ध सभासदांना सोबत बसवून त्यांतील माणसांची नावे, प्रसंग आणि अंदाजे वर्ष विचारून घ्यावे, आणि प्रत्येक छायाचित्राला क्रमांक देऊन ती माहिती, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, वेगळ्या वहीत उतरवावी.