घरातल्या टोमॅटोला फुले येतात पण गळतात, काय करावे? (पणजी, फ्लॅट)

झाड हिरवेगार आहे, फुलांचे घोस येतात आणि देठाच्या सांध्यातून गळतात, असे तुम्ही लिहिले आहे. तर खत वाढवू नका. नत्र जास्त झाले की पालाच माजतो.

खरे कारण रात्र आहे. टोमॅटोचे फळ रात्री १५ ते २१ अंशांत चांगले धरते. रात्र २४ च्या वर राहिली की परागकण निकामी होतात आणि हवा दमट असली की ते एकमेकांना चिकटून सुटतच नाहीत. गोव्यात पावसाळ्यात दोन्ही गोष्टी एकत्र येतात, शिवाय खोलीत वारा नाही, मधमाशी नाही. म्हणून चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की तयारी करा आणि बी दसऱ्याच्या आसपास पेरा. मग फुलोरा डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येते. एप्रिल-मेमध्ये तो डोक्यावर असतो आणि तीच खिडकी उन्हाविना राहते.

थेट ऊन सहा तासांपेक्षा कमी असेल तर ३०-४० वॅटचा पांढरा एलईडी शेंड्यापासून साधारण ३० सेंमीवर लावून १४ तास चालवा. रात्री मात्र अंधार हवा.

परागीभवन हाताने करावे लागेल. सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, पाकळ्या मागे वळलेल्या फुलाच्या देठाला चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू दोन-तीन सेकंद टेकवा. नुसती टिचकीही चालते. छोटा पंखा मंद ठेवा, थेट झाडावर झोत नको.

कुंडी १५ लिटरची, बुडाला भोके असलेली. भाटातली (बागायतीतली) तांबडी माती घालू नका. आपल्याकडच्या मातीत मर रोगाचे जिवाणू सर्रास असतात. हिरवे झाड एकाएकी मान टाकते तेव्हा खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरा. दुधासारखे तंतू सुटले तर मरच, कुंडीसकट माती टाका. त्याऐवजी निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीस टक्के गांडूळखत, बाकी परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे) किंवा जाड नदीची रेती (समुद्राची कधीच नको). स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असते, दोनदा भिजवून पिळून घ्या.

वाण चेरी निवडा, मोठ्या फळांपेक्षा ती उष्णतेत लवकर धरतात. मोठे टोमॅटोच हवे असतील तर बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' मर रोग बऱ्यापैकी सोसतो.

फुले येईपर्यंत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत), लिटरभर पाण्याला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. नंतर १३:०:४५ (पालाश जास्त असलेले), लिटरला १ ग्रॅम. फळाचे बूड काळे पडले तर बहुधा कॅल्शियम कमी नसते, पाणी अनियमित असते: कुंडी एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी तुडुंब. वरचा इंचभर थर सुकला की पाणी द्या, रोज तेवढेच नाही. अंड्याच्या टरफलांचा चुरा या हंगामात काही करणार नाही, तो विरघळायलाच महिने जातात.

पाने वर वळून लहान-पिवळी होऊ लागली तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. पिवळे चिकट कागद आधीपासून लावा. लागण झालेले झाड बरे होत नाही. ते पिशवीत गुंडाळून बाहेर न्या, नाहीतर उरलेल्या कुंड्याही जातील.