मेनिंगोकोकलमध्ये पेशंट वाचेल की नाही, हे डॉक्टरांना आधी कळतं का?

आठ वर्षांची भाची आयसीयूत आहे, मेनिंगोकोकल (रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात होणारा जिवाणूंचा गंभीर संसर्ग) निघालंय आणि डॉक्टर 'दोन दिवस जाऊ द्या' एवढंच म्हणतात, तर ते काही लपवताहेत का, असं तुम्ही विचारलंय. लपवत नसावेत, भाऊ. मी नागपुरात मुलांच्या आयसीयूत सिस्टर आहे. अंदाज बांधता येतो, पण तो तासातासाला बदलतो.

यासाठी १९८७ पासून ग्लासगो मेनिंगोकोकल स्कोअर आहे (शुद्धी मोजायचा ग्लासगो स्केल वेगळा), एकूण १५ गुणांचा. रक्तदाब घसरला (तिच्या वयाला वरचा आकडा ८५च्या खाली) तर ३, शुद्ध हरपत चालली तर ३, हातपाय गार आणि आत ताप, दोन्हींत ३ अंशांहून जास्त फरक, तर ३. तासाभरात तब्येत ढासळली तर २. जांभळे डाग पसरताहेत तर १, रक्तात आम्ल वाढलं तर १. आठ किंवा त्यावर गेलं की धोका मोठा.

उरलेले २ गुण ऐकून नातेवाईक चक्रावतात. ते मान आखडलेली *नसेल* तर मिळतात! आपल्याकडे मान आखडली की घरात रडारड सुरू होते. पण जंतू रक्तातच इतके झपाट्याने वाढले की मेंदूच्या आवरणाला सूज यायच्या आधीच पेशंट शॉकमध्ये जातो, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त पुरत नाही. ते जास्त वाईट. पांढऱ्या पेशींचंही तसंच, इथे त्या कमी दिसल्या तर आम्हाला जास्त धास्ती.

प्लेटलेटचा आकडा तुम्ही विचारत असालच, डेंग्यूने सगळ्या नागपूरला ती सवय लावलीय. इथे प्लेटलेट घसरणं म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होताहेत, अशी शंका. मात्र नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. बीपी टिकवून धरायचं औषध वाढवावं लागतंय की कमी होतंय, लघवी होतेय का आणि लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय का, हे तीन प्रश्न राउंडच्या वेळी विचारा.

उपचार मिळूनही शंभरात साधारण दहा जण दगावतात. रक्तात पसरलं असेल तर त्याहून बरेच जास्त. पण हा हिशेब शंभर जणांचा, तुमच्या भाचीचा नाही. म्हणून डॉक्टर आकडा सांगत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं.

घरात तिच्यासोबत राहणाऱ्या सगळ्यांनी प्रतिबंधक अँटिबायोटिक घ्यायचं असतं. कुणी सांगितलं नसेल तर आजच डॉक्टरांना विचारा. आणि या आजाराने ऐकू येणं कमी होऊ शकतं, म्हणून ती घरी आली की महिन्याच्या आत कानांची तपासणी करून घ्या, बोलताना नीट ऐकतेय असं वाटलं तरी.